मुक्काम कर: खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

पोराकडे युरोपात जाऊन आलेले आईबाप, स्टेशन रोडचे लॉजवाले, आणि "तिकडे घेतात मग आपली महापालिका का घेत नाही" म्हणणारे हौशी लोक, या तिघांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात. मी लॉज-हॉटेलवाल्यांची बिलं आणि रिटर्न बघतो म्हणून सगळे माझ्याकडेच पाठवतात. एकदाच नीट लिहून ठेवतो. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलेलं असेल तिथं नंबर दिलाय, तो बघून घ्या.

१. मुक्काम कर म्हणजे काय भो? जीएसटीच ना तो?

नाही. जीएसटी खोलीच्या भाड्यावर असतो आणि तो केंद्र आणि राज्य वाटून घेतात. मुक्काम कर म्हणजे तुम्ही त्या गावात रात्र काढली म्हणून त्या गावच्या पालिकेला द्यायचे पैसे, घेतो हॉटेलवाला पण ते त्याचे नसतात, त्याला पुढे भरावे लागतात. फ्रान्समध्ये हा प्रकार १९१० पासून आहे, म्हणजे हे काही आत्ताचं खूळ नाही.

लावायच्या तऱ्हा तीन. एक डोक्यावर, इटलीत बहुतेक शहरांत माणशी रात्रीचा रेट असतो आणि हॉटेल जितक्या स्टारचं तितका रेट चढा. दुसरी खोलीवर, मँचेस्टरला २०२३ पासून खोलीमागं रात्रीला १ पौंड. तिसरी टक्क्यात, ॲमस्टरडॅमला भाड्याच्या साडेबारा टक्के, म्हणजे व्हॅट सोडून १०० युरोची खोली असली तर वर साडेबारा युरो. हे तीन डोक्यात ठेवा कारण पुढची निम्मी भांडणं कोणत्या तऱ्हेने लावला यावरच आहेत.

२. जळगावच्या लॉजच्या बिलावर टॅक्सच्या दोन ओळी आल्या. हाच लागू झाला का?

त्या दोन्ही ओळी जीएसटीच्याच आहेत, एक केंद्राची एक राज्याची. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७५०० पर्यंतच्या खोलीला ५ टक्के, म्हणून अडीच आणि अडीच दिसतात. त्याच्या वरच्या खोलीला १८ टक्के. म्हणजे १००० च्या खोलीला २५ अधिक २५, एकूण १०५०. आणि ज्या लॉजची वर्षाची उलाढाल २० लाखाच्या आत आहे आणि नोंदणी नाही, त्याने जीएसटी लावायचाच नसतो, तो लावत असेल तर बिलावर जीएसटी नंबर कुठंय ते विचारा. जळगाव काय धुळे काय नंदुरबार काय, "मुक्काम कर" अशी तिसरी ओळ कोणी दाखवली तर ती कशाच्या आधारावर आहे ते लेखी मागायचं.

३. मग महापालिकेने ठराव केला तर लावता येईल का? विरोध कोण करणार?

विरोध नगरसेवक नाही, कायदाच करेल. हे जरा लांबतंय पण समजून घ्या.

महाराष्ट्रात हॉटेलच्या खोलीवर राज्याचा स्वतःचा कर होता, १९८७ चा ऐषआराम कर कायदा, जुन्या लॉजवाल्यांना "लक्झरी टॅक्स" म्हटलं की अजून आठवतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला त्यात तो गेला. पण नुसता तो कर गेला नाही, घटनेतली राज्याच्या यादीतली ६२ नंबरची नोंदच १०१ व्या दुरुस्तीने बदलली. आधी तिच्यात ऐषआरामावर कर लावायचा अधिकार होता, आता फक्त करमणुकीवरचा कर उरलाय आणि तोही पंचायत, पालिका यांनी लावून वसूल केला तितकाच. महापालिका कायद्याच्या १२७ कलमात "राज्य विधिमंडळाला लावता येईल असा इतर कर" लावायची मुभा आहे, पण राज्याकडेच अधिकार उरला नाही तर महापालिका तो कुठून आणणार? विहिरीतच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. त्यात घटनेचं २६५ कलम, कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर नाही. त्यामुळे खोलीच्या भाड्यावर टक्का लावायचा ठराव केला आणि कोणी हायकोर्टात गेलं तर माझ्या मते तो टिकायचा नाही.

उरतात आडवाटा. एक म्हणजे शुल्क, पण शुल्क घेतलं तर त्या बदल्यात काहीतरी सेवा दाखवावी लागते. दुसरी वाट मँचेस्टरची, आणि ही मला आवडते. तिथल्या कौन्सिललाही असा कर लावायचा अधिकार नव्हता, म्हणून मधल्या भागातल्या हॉटेलवाल्यांनीच आपसात मतदान घेऊन तो १ पौंड स्वतःवर लावून घेतला आणि खर्चही त्यांच्याच मंडळाकडे ठेवला. आपल्याकडे लॉजवाल्यांची असोसिएशन एकमताने चहाचा रेट ठरवू शकत नाही तो भाग वेगळा.

४. माथेरान, महाबळेश्वरला नाक्यावर घेतातच की. तो कसा चालतो?

तो प्रवेशाचा आहे, मुक्कामाचा नाही. तुम्ही राहा किंवा संध्याकाळी परत या, नाक्यावर पावती फाडावीच लागते. मुक्काम कराचं बरोबर उलटं, रात्र काढली तरच लागू.

व्हेनिसने दोन्ही ठेवलेत आणि त्यातली मेख बघण्यासारखी आहे. तिथं रात्री मुक्काम करणारा पाहुणा आधीपासून रात्रीचा कर भरतोय. पण त्रास होत होता तो सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांचा, कचरा टाकणार ते, गल्ल्या तुंबवणार ते, आणि पैसे भरणार मुक्कामाचा पाहुणा. म्हणून २५ एप्रिल २०२४ पासून ठराविक गर्दीच्या दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्याला ५ युरो लावले, २०२५ मध्ये अगदी ऐनवेळी ठरवणाऱ्याला १०. मुक्काम करणाऱ्याला हा दुसरा माफ. दिवसाचा पाहुणा की रात्रीचा, हा फरक आपल्यालाही लागू आहे, खाली ५ मध्ये बघा.

नगरपरिषदेच्या १९६५ च्या कायद्यात देवस्थानाला ठराविक काळाने येणाऱ्या यात्रेकरूंवर कर लावायची सोय आहे, ग्रामपंचायत कायद्यातही यात्रेकरू कर आहे. म्हणजे अमळनेर, मुक्ताईनगर किंवा प्रकाशा यांच्याकडे कागदावर जी वाट आहे तीच जळगाव-धुळ्याच्या महापालिकेकडे जशीच्या तशी नाही. पण देवाच्या दारात पावतीबुक घेऊन बसायचं राजकीय धाडस कोण करतं ते दाखवा मला.

५. अजिंठा बघायला एवढे फॉरेनर जळगाव स्टेशनला उतरतात. त्यांच्याकडून रात्रीचे शंभर रुपये घेतले तर महापालिका मालामाल होईल ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि ऐकायला इतका बरोबर वाटतो की लोकांना माझं उत्तर आवडत नाही.

पहिली गोष्ट, अजिंठा आपल्या जिल्ह्यात नाही. लेणी सोयगाव तालुक्यात, छत्रपती संभाजीनगर जिल्हा. जळगावपासून साठेक किलोमीटर, म्हणून रेल्वेने येणारा इथं उतरतो. लेण्यांचं तिकीट भारतीयाला ४० आणि परदेशी माणसाला ६००, ते जातं पुरातत्त्व खात्याला, आपल्याला त्यातलं काही नाही. आणि उतरलेला पाहुणा करतो काय? पहाटेच्या गाडीने येतो, बॅग क्लोकरूमला टाकतो, एसटी नाहीतर टॅक्सी पकडून फर्दापूरला जातो, तिथून लेण्यांची बस, दुपारी खाली उतरतो, संध्याकाळी पुढची गाडी. कोणी फर्दापूरलाच थांबतो. सोमवारी लेणी बंद हे माहीत नसलेला एखादा रविवारी रात्री येऊन अडकतो, तो मात्र आपला हक्काचा मुक्काम!

आता लॉजचं रजिस्टर उघडून बघा. नाव, गाव, कुठून आले, कुठे जाणार, माणसं किती, आणि एक रकाना असतो "येण्याचे कारण". पानं चाळा, तिथं काय लिहिलेलं असतं: "कंपनी काम", "कोर्ट", "दवाखाना", "परीक्षा", "लग्न", "खरेदी". दाळ मिलची मशीन दुरुस्त करायला आलेला मिस्त्री, केळीच्या सीझनला आलेला व्यापारी, औषध कंपनीचा एमआर, सोनं घ्यायला आलेलं लग्नघर, पेशंटला ॲडमिट करून रात्री पाठ टेकायला जागा शोधणारे दोन भाऊ. काही ठिकाणी तर तो रकाना भरायचाही कंटाळा, वरच्याचं बघून खाली नुसत्या दोन टिंब-टिंब. "पर्यटन" हा शब्द शोधावा लागतो.

म्हणजे कर लावायचा पर्यटकावर आणि भरणार दवाखान्याचा नातेवाईक. मी कराच्या विरोधात नाही, पण जळगावचं दुखणं पर्यटक जास्त होतात हे नाही, पर्यटक राहतच नाही हे आहे. जो थांबत नाही त्याच्यावर थांबायचा कर लावून काय मिळणार? आधी त्याला एक रात्र थांबवा. गांधी तीर्थ आहे, पद्मालय आहे, पाटणादेवी आहे, चांगदेवचं देऊळ आहे, हिवाळ्यात भरीत-कळण्याची भाकरी आहे, पण स्टेशनबाहेर उभ्या माणसाला अजिंठ्याची एसटी कुठून सुटते हे सांगणारी ठळक पाटी तरी आधी लावू.

६. कामासाठी आलेल्याला माफ करता येत नाही का?

येतं, आणि जर्मनीत याच्यावर जोरदार कोर्टबाजी झालीय. २०१२ मध्ये तिथल्या सगळ्यात वरच्या प्रशासकीय कोर्टाने सांगितलं की धंद्याच्या कामासाठी राहणाऱ्यावर हा कर लावता येणार नाही. बर्लिनने २०१४ ला ५ टक्क्यांनी सुरू केला तेव्हा म्हणूनच कामासाठी आलेल्यांना सोडलं, फक्त तसं दाखवावं लागायचं. मग २०२२ ला त्यांच्या घटना न्यायालयाने म्हटलं की दोघांवर लावला तरी चालेल, सोडायचं की नाही ते शहराने ठरवावं. बर्लिनने एप्रिल २०२४ पासून सवलत काढली आणि १ जानेवारी २०२५ पासून दर साडेसात टक्के केला.

यातून मी एवढंच घेतो की "कामासाठी" सिद्ध करायची कटकट काउंटरवरच्या पोराच्या गळ्यात पडते. आपल्याकडे तर कंपनीचं पत्र आणा म्हटलं की बाजूच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार पत्र मिळायला लागेल.

७. लहान मुलं, पेशंटचे नातेवाईक, यांना कुठे सूट असते?

फ्रान्समध्ये १८ च्या आतल्यांना नाही. रोम, व्हेनिसला १० वर्षांखालच्यांना नाही. इटलीत बऱ्याच शहरांत दवाखान्यात भरती असलेल्याच्या सोबतच्या माणसाला सूट असते, दवाखान्याचा कागद दाखवून. माझ्या मते आपल्याकडे कधी आलाच तर ही सूट पहिल्या ओळीत पाहिजे, कारण ५ मध्ये सांगितलंच.

पण टक्क्याने लावला की मुलांची सूट देणं अवघड होतं, भाडं खोलीचं असतं, त्यात पोराचं भाडं किती ते कसं काढणार.

८. भूतानला चाललोय, एजंटने रात्रीचे १२०० सांगितले. लुटतोय का?

नाही, खरं आहे. भारतीयांना माणशी रात्रीला १२०० रुपये, बाकीच्या परदेशी लोकांना १०० डॉलर, त्यांचं आधी २०० होतं ते २०२३ मध्ये निम्मं केलं. ५ वर्षांपर्यंतच्या मुलांना नाही, ६ ते १२ ला निम्मं. नवराबायको आणि ८ वर्षांचा पोरगा, ५ रात्री: १२ हजार अधिक ३ हजार, झाले १५ हजार, आणि हे हॉटेल-जेवण सोडून. तिथं हा कर देशाचा आहे, गावचा नाही. मुद्दाम कमी पण चांगला खर्च करणारा पाहुणा यावा म्हणून ठेवलाय.

९. महिना महिना लॉजवर राहणाऱ्याचं काय? साइटवरचे इंजिनिअर असतात.

बऱ्याच ठिकाणी रात्रींना मर्यादा असते. व्हेनिसला सलग ५ रात्री, रोमला १०, बर्लिनला २१. त्याच्या पुढे कर थांबतो. स्कॉटलंडमधलं एडिंबराही २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामाला ५ टक्के लावतंय, तेही सलग ५ रात्रींपुरतंच.

चलाखी करून मध्ये एक दिवस दुसऱ्या लॉजला गेलात की मोजणी परत एकपासून, म्हणजे नुकसान तुमचंच.

१०. सारंगखेड्याचे तंबू, होमस्टे, भक्तनिवास हे पण येतात का यात?

बाहेरच्या अनुभवावरून सांगायचं तर छप्पर कसलं आहे याला महत्त्व नाही, पैसे घेऊन रात्री झोपायला जागा दिली की झालं. फ्रान्स, इटलीत कॅम्पिंगवर पण आहे, रेट कमी. ॲपवरून घर भाड्याने घेतलं तर बऱ्याच शहरांत ॲपवालाच कापून पालिकेला भरतो, आणि खरं सांगायचं तर हॉटेलवाले सगळीकडे हेच ओरडत असतात की आम्हाला लावता मग त्यांनाही लावा.

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला, दत्तजयंतीच्या यात्रेत, दोन माणसं येतात. एक तंबूनगरीत एसी टेंट घेणारा, आणि दुसरा घोडा विकायला आलेला, जो घोड्याशेजारीच गवतावर झोपतो. दुसऱ्याकडून रात्रीचा कर मागायला कोण जातं ते मला बघायचंय, घोडा लाथ मारेल तो वेगळा. पैसे देऊन घेतलेला बिछाना एवढीच व्याख्या ठेवली की तो आपोआप सुटतो.

भक्तनिवास, धर्मशाळेचं: जीएसटीत देवस्थानाच्या आवारातल्या धर्मादाय ट्रस्टच्या १००० रुपयांच्या आतल्या खोलीला सूट आहेच, तीच रेषा इथं वापरणं सोपं जाईल.

११. लग्नाला जानोसा म्हणून अख्खं लॉज घेतलं, चाळीस माणसं आणि दहा खोल्या. कर कसा मोजणार?

१ मधल्या तीन तऱ्हा इथं लावून बघा. खोलीवर असेल तर दहाच. डोक्यावर असेल तर चाळीस, आणि वऱ्हाडात रात्री किती डोकी झोपली हे नवरदेवाच्या मामालाही माहीत नसतं. म्हणून आपल्याकडे खोलीवरचाच बरा असं माझं मत, हॉटेलवाल्याला मोजायला सोपा आणि भांडण कमी.

१२. "लॉज मना, खोली मनी, मंग हाऊ कर मी का बरं भरू?"

शिरपूरकडच्या एका भाऊंनी अहिराणीत असंच्या असं पाठवलंय, बदलत नाही. म्हणजे लॉज माझं, खोली माझी, मग हा कर मी का भरू. भाऊ, कर तुमचा नाही, गिऱ्हाइकाचा. पण वसुली, वही, रिटर्न, आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या तुमच्या, हे खरं. एडिंबराने त्यासाठी हॉटेलवाल्याला गोळा केलेल्यातले २ टक्के ठेवायची मुभा दिलीय. आपल्याकडे जकात गेली, मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, त्यात दुकानदारांची वह्या लिहून लिहून बोटं झिजली आणि १ ऑगस्ट २०१५ ला तो बहुतेकांसाठी गेला. त्या आठवणीमुळे नवीन स्थानिक कर म्हटलं की माणूस आधी दचकतो, आणि दचकणं चूक नाही. सात खोल्यांच्या लॉजला वेगळा फॉर्म, वेगळं पोर्टल दिलं तर तो कर भरण्यापेक्षा रजिस्टरमध्ये गिऱ्हाईक न लिहिणं पसंत करेल.

१३. कर लागला तर गिऱ्हाईक हद्दीबाहेरच्या हायवेच्या हॉटेलला जाईल ना?

५० रुपयांसाठी कोणी दहा किलोमीटर जात नाही, रिक्षाच त्याच्यापेक्षा जास्त घेईल. पण हद्दीच्या अलीकडे-पलीकडे समोरासमोर दोन हॉटेलं असतील तर अलीकडचा रडणार, आणि हायवेच्या गावांत अशा जोड्या आहेत. ट्रकवाला आणि गाडीने येणारा माणूस तर तसाही पलीकडेच थांबतो. त्यामुळे एकट्या शहराने लावण्यापेक्षा जिल्हाभर एकच असला तर हे रडगाणं मिटतं.

१४. हा पैसा जातो कुठे? रस्त्याच्या खड्ड्यात?

स्कॉटलंडच्या २०२४ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की खर्च वजा जाता उरलेला पैसा पाहुणे बऱ्यापैकी वापरतात अशाच सोयींवर लावायचा. ही एक ओळ नसेल तर मी तुम्हाला विरोध करा म्हणेन. सगळा पैसा सामान्य तिजोरीत गेला की तो पगारात आणि थकीत वीजबिलात कधी विरघळला कळत नाही. वेगळं खातं, वर्षातून एकदा पाटीवर हिशोब: एवढे जमले, त्यातून स्टेशनजवळची संडासं, रात्रीची बस, एवढं केलं.

१५. बुकिंग आधीचं आहे, कर नंतर लागू झाला. जुन्या बुकिंगला पण लागेल?

ज्याने त्याने आपला नियम करायचा असतो. एडिंबराने १ ऑक्टोबर २०२५ च्या आधी केलेलं बुकिंग सोडलं, राहणं २०२६ चं असलं तरी. बुकिंग रद्द केलं, राहिलात नाही, तर कर नाही.

१६. इटलीत ऑनलाइन सगळे पैसे भरले होते तरी काउंटरवर रोख मागितले. फसवलं का आम्हाला?

बहुतेक नाही. बुकिंगच्या पानावर खाली बारीक अक्षरात "शहर कर हॉटेलवर भरावा" असं असतं, आपण किंमत बघून बटण दाबतो. पावती मात्र घ्यायची, पावती नाही म्हणाला तर पैसे नाही म्हणायचं.

१७. रात्री एकच्या गाडीने भुसावळला उतरलो, लॉज घेतलं, पहाटे पाचला निघालो. एक रात्र धरणार? आणि दुपारी अंघोळीपुरती खोली घेतली तर?

पहिल्याला हो, चार तास झोपलात तरी खोलीची रात्र झाली. दुसऱ्याला साधारणपणे नाही, कारण रात्रच नाही, पण जीएसटी दोन्हीला आहे, २ प्रमाणे. आणि लॉजचा चोवीस तासांचा चेकआउट असेल तर संध्याकाळी सहाला घेतलेली खोली दुसऱ्या दिवशी सहापर्यंत, म्हणजे रात्र एकच. बारा वाजताच्या चेकआउटला रात्री एक ते दुपारी बारा, तरी एकच. दोन लावल्या तर भांडायचं.

१८. परदेशी पाहुणा आला तर लॉजवाल्याने वेगळं काही करायचं का?

कराचं नाही, पण माहितीचं हो. सगळे ज्याला सी फॉर्म म्हणतात तो चोवीस तासांत ऑनलाइन भरायचा. ते न करणं कर बुडवण्यापेक्षा महागात पडतं, आणि रविवारी रात्री अजिंठ्यासाठी आलेला तो एखादा पाहुणा अडकला असेल तर सोमवारी लेणी बंद आहेत हे त्याला खोली देण्याआधी सांगा.